सात सेकंद

"ही सात सेकंदं कशासाठी आहेत, सर?"

ऋतुजाने विचारलं आणि पडद्यावरच्या एका ओळीखाली माऊसचा बाण नेऊन ठेवला. ओळ साधी होती : सात सेकंद थांब. प्रभुलिंगने ती अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिली होती. का लिहिली, ते त्याला आठवेना.

सात रस्ता चौकात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, दर रविवारी अनुभवी प्रोग्रामरांसाठी पायथनचा वरचा वर्ग भरायचा. अनुभवी म्हणजे, कामाच्या ठिकाणी ज्यांना आता कुणाला काही विचारायची सोय राहिलेली नाही, असे नऊ जण. वर्गाचा रिवाज असा, की प्रत्येकाने आपली रोज चालणारी एक स्क्रिप्ट आणायची आणि बाकीच्यांनी ती सर्वांसमक्ष सोलायची. प्रभुलिंगने तो नोकरी करायचा त्या टॉवेलच्या कारखान्यातली आणली होती. गठ्ठ्याचं लेबल छापायचं, पट्टा एक गठ्ठा पुढे सरकवायचा, मग पुढचं लेबल. अकरा वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती, म्हणून जरा ऐटीतच आणली होती.

"शेजारी टीप पण नाही," ऋतुजा म्हणाली. ती सव्वीस वर्षांची. प्रभुलिंगने पहिला प्रोग्राम लिहिला तेव्हा ती बालवाडीत डबा उघडत असणार.

"मशीनला दम लागत असंल की," मागून सयाजी म्हणाला. "का मधेच चहाला जातंय हो, सर?"

वर्ग हसला. प्रभुलिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ऑफिसात नव्या मुलांना तो गेली दहा वर्षं एकच गोष्ट ऐकवत आला होता : ओळ लिहिली की तिचं कारण शेजारी लिहायचं.

"राहून गेलं असेल," तो म्हणाला. त्या दिवशी परतताना त्याने गाडी दोनदा चुकीच्या गल्लीत घातली.

सोमवारी सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या, चहाही न घेता, त्याने ती ओळ पुसली. एकदा हात लागलाच आहे म्हटल्यावर पायथनचा जनरेटर लावला, डेकोरेटर चढवला, चाळीस ओळींच्या अकरा केल्या. संध्याकाळपर्यंत चालणारं पॅकिंग दुपारच्या डब्याआधी उरकू लागलं. पॅकिंगची खोली खालच्या मजल्यावर होती. तिथे जायचं त्याला कारण पडलं नाही. पुढच्या रविवारी त्याने आधीचा आणि नंतरचा वेळ शेजारी शेजारी पडद्यावर लावला. ऋतुजाने टाळी वाजवली. सयाजीनेही वाजवली, जरा उशिरा.

"आता शोभतंय, सर," ती म्हणाली. प्रभुलिंग त्या दिवशी सरळ रस्त्याने घरी गेला.

सोमवारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. गुरुबसप्पा टेबलावर लेबलांचा ढीग घेऊन बसले होते.

"सर, तुमचं मशीन लई पळतंय. पण लेबलं उलटीपालटी होऊ लागलीत. आंघोळीच्या टॉवेलाला नॅपकिनाचं लेबल. हुबळीचा माल हैदराबादला गेला, आता त्यांचे फोन यायलेत." त्यांनी चष्मा काढला. "ईरम्मा थकली हो. लेबल बांधायला एखादी चपळ पोरगी बघतो, हिला बसवू घरी. काय म्हणता?"

प्रभुलिंगने मान डोलावली. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "वेगाशी जुळवून घेणारं माणूस पाहिजे, अप्पा." हे वाक्य त्याला बरंच जमल्यासारखं वाटलं.

अर्ध्या तासाने तो आपल्या टेबलाशी बसला असताना ईरम्मा दारात आली. चपला बाहेर काढून आत आली. दोऱ्याने कापलेल्या बोटांना तिने चिंध्या बांधल्या होत्या. त्यातल्या चार नव्या होत्या.

"बसा की, अक्का."

ती बसली नाही. "सर, तुमास्नी आठवतंय का? मशीन नवं आलं तवा तुमी हातात घड्याळ घेऊन माज्या शेजारी बसला होता. दीसभर. लेबल फाडायचं, गठ्ठ्याशी जुळवायचं, गाठ मारायची. किती वेळ लागतोय म्हून इचारलं. मी भ्यानं चार सेकंद म्हनले. तुमी म्हनला, भिऊ नका अक्का, मशीन थांबंल की तुमच्यासाटी."

प्रभुलिंगला आठवलं. घड्याळही आठवलं, वडिलांचं होतं.

"तवापासनं मी मनात मोजत बांधते. आमच्या कानडीत, ओंद, येरड, मूर, असं येळपातूर, म्हंजी सातपातूर. येळ म्हनलं की गाठ बसायची आन पट्टा हालायचा. अकरा वर्सं कदी चुकलं न्हाय." तिने चिंध्यांची बोटं पदरात घेतली. "आता मूर म्हनायच्या आत पट्टा हालतोय. मशीन तुमी सांगितलं तसं थांबत आसनारच. माजंच मोजनं संथ पडलंय."

प्रभुलिंगने स्क्रीनकडे पाहिलं. अकरा ओळी होत्या. एकही जास्तीची नव्हती.

"लई न्हाय, सर. गेल्या सोमवारपासनंच," ईरम्मा आवाज खाली घेऊन म्हणाली. "मालकास्नी तेवडं कळू देऊ नका."