बूट आणि रिकीब

मेंढ्यांच्या ट्रकची मागची फळी धाडकन खाली आदळली आणि घोडा उधळला. मेरिम खोगिरावरून फेकली गेली. तिचा डावा बूट मात्र पाय ठेवायच्या रिकिबीतून आरपार जाऊन घोट्यापाशी अडकला होता. काराकोल शहराच्या गुरांच्या बाजारातून घोड्याने तिला चिखलातून फरपटत नेले, दोन ट्रकांच्या बेचक्यात तो कोंडला आणि तिथे लाथा झाडू लागला. मुलगी त्याच्या पोटाखाली उलटी लोंबकळत होती. तिने दोन्ही हातांनी डोके झाकले होते.

रिकीब विकत घेतल्याला अजून तासही झाला नव्हता. या हिवाळ्यात मेरिम तिच्या लाकडी बाळखोगिरात मावेनाशी झाली. त्याला रिकिबी नसतात, म्हणून आता बूट आणि रिकिबी दोन्ही हव्या होत्या, आणि दरवर्षी नवे घेण्याची ऐपत घराला नव्हती. आजोबा एसेनकुल यांचे म्हणणे होते की पोरीचे अंग वाढते आहे. बूटही मोठे घ्यावेत, रिकिबीही मोठ्या. बोटांपाशी लोकर कोंबली की काही वर्षे बघायला नको. मेरिमची आई बुरूल जनावरांची डॉक्टर होती. तिचे म्हणणे नेमके उलट होते: दोन्ही जुन्यातले घ्यावेत, पण आजच्या मापाचे.

तिने वाद वाढवला नाही. त्यांच्या समाजात सून सासऱ्याचे नाव उच्चारत नाही. उच्चारले, तर ते उघड भांडणाचे आव्हान ठरते. बुरूलला ही प्रथा निराधार वाटे, आणि लग्न झाल्यापासून ती पाळत आली होती. बूट-रिकिबी विकणारी दुकानदारीण बाबिरा हसत म्हणाली होती, "भांडा की मोकळेपणानं. मी काय परकी आहे?"

ते भांडले नाहीत. बूट सुनेच्या मताने घेतले, रिकिबी सासऱ्याच्या मताने. बाबिराने दोघांना शहाणी माणसे म्हटले.

आता माणसे चाबूक उगारून ओरडत धावली. एकाने घोड्याच्या नाकावर फटका मारला. घोडा मागे हटला, त्याचा खूर मेरिमच्या वेणीवर पडला आणि वेणी मुळापासून उपटली गेली. दुसरा एक जण रिकिबीची वादी कापायला सुरी घेऊन वाकला. लाथ त्याच्या गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो ओरडण्याआधीच घोड्याचा दुसरा पाय मेरिमच्या खांद्यावर घसरला.

बुरूल चिखलात गुडघ्यांवर बसली आणि तिने बूट पाहिला. तो पायात चपखल बसला होता, निघणार नव्हता. मोठा बूट या रिकिबीतून आत शिरलाच नसता. मापाच्या रिकिबीतून हा बूटही शिरला नसता. दोघांपैकी कोणीही एक हट्टाला पेटले असते, तरी पोर अडकली नसती.

गुंगीच्या औषधाला वेळ लागतो. तिने साकेन खाटकाला हाक मारली. तो कुऱ्हाड घेऊन आला आणि दुसऱ्याने लगाम धरून घोड्याचे डोके ताणून धरले. कुऱ्हाडीची मागची बाजू कपाळावर नेमकी कुठे मारायची, हे तिने बोटाने दाखवले. प्रश्न एवढाच होता की घोडा कोणत्या बाजूला पडेल. डावीकडे पडला, तर सगळे वजन मुलीवर येणार होते.

उजव्या बाजूला एसेनकुल आधीच पोचले होते. जोडीतली दुसरी रिकीब दोन्ही मुठींत पकडून, ट्रकच्या चाकाला टाच लावून, सत्तरीतला तो म्हातारा सगळ्या अंगानिशी घोड्याला आपल्याकडे ओढत होता.

"घाव बसला की सोडा, मामंजी," बुरूल म्हणाली.

"तू पोरीकडे बघ."

साकेनने घाव घातला. हाडात हाड रुतल्यासारखा दबका आवाज झाला. घोड्याचे पुढचे पाय दुमडले, धड क्षणभर तोल सावरत राहिले आणि डावीकडे कलू लागले. एसेनकुलनी रिकीब सोडली नाही. बुरूल दोनदा "मामंजी" म्हणून ओरडली. मग तिने त्यांचे नाव घेतले.

"एसेनकुल! सोड!"

त्यांनी ते ऐकले. तिच्याकडे पाहिले, आणि आणखी जोरात ओढले.

घोडा उजवीकडे कोसळला. रिकिबीसकट मेरिम हवेत उचलली गेली आणि त्याच्या गरम बरगड्यांवर पालथी पडली. वादी तुटली नाही. कोणीतरी तिचा बूट उभा कापला. पाय सुजला होता, टाळूतून रक्त वाहत होते, खांदा निखळला होता. पण ती रडत होती, आणि रडण्याचा आवाज मोठा होता. डॉक्टरच्या कानांना तेवढे पुरले.

मग बुरूल घोड्याला वळसा घालून पलीकडे गेली. सहा-सात जण खोगिराखाली हात घालून घोडा उचलू पाहत होते. तो वीतभरही हलत नव्हता. एसेनकुल छातीपर्यंत त्याच्याखाली होते. त्यांच्या ओठांवर लालसर फेस आला होता. त्याचा अर्थ काय, हे तिला पुस्तकात पाहावे लागणार नव्हते.

ती त्यांच्या डोक्याशी बसली. "एसेनकुल," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू.

त्यांनी डोळे उघडले. मुठीत अजून रिकीब होती.

"नाव घेतलंस," ते म्हणाले. "दुकानातच घ्यायचं होतंस, सूनबाई."