भिमाजीची नजर

बैलाचं दुखणं भिमाजीला लांबूनच कळायचं. घोडेगावच्या बाजारात बैल घेण्याआधी लोक त्याला हाताला धरून न्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, भिमाजीचा ढवळ्या तेवढा अंगानं भरलेला. कुणी विचारलं की भिमाजी मिशीला पीळ द्यायचा. "चारा समद्यांलाच कमी हाय. जनावराकडं ध्यान पायजे."

त्याची बायको लंकाबाई मात्र वाळत चालली होती. पण त्या साली कोण वाळलं नव्हतं? भिमाजी आणि मुलं जेवून उठली की ती आपली रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी घेऊन मागच्या दारी, गोठ्यापाशी एकटीच बसायची.

"जेवली का गं?" भिमाजी ओसरीवरून विचारायचा.

"व्हय, झालं माझं."

उन्हाळ्यात तिला पाणीही गिळवेना, तेव्हा त्यानं तिला नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "घशात गाठ आहे. चार-पाच महिने घास उतरत नसणार. इतके दिवस थांबलात कशाला?"

"रोज जेवत हुती की वो," भिमाजी म्हणाला.

आठवड्यात ती तिथंच गेली. सगळं उरकून भिमाजी गावी परतला, तर शेजारची छबूबाई म्हणाली, "भावजी, तुमी गेल्यापासून ढवळ्या कडबा नीट खाईना."

भिमाजीनं ढवळ्याची जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोटावरून हात फिरवला. आजार कसलाच नव्हता.



दाव्याला ताण देऊन ढवळ्या मागच्या दाराकडं मान लांबवून उभा होता, रोजच्या भाकरीची वाट बघत.