अडचण नाही

प्रवेश परीक्षेचा एक्केचाळिसावा प्रश्न समोर असताना तुबाचा स्क्रीन पांढराफटक पडला. ती हात वर करून बसली. सहा मिनिटांनी स्क्रीन परत आला, तो बाविसाव्या प्रश्नावर. मधली एकोणीस उत्तरं कुठेच नव्हती. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र एक सेकंदही थांबलं नव्हतं.

"सर, माह्ये उत्तरं उडाले."

कुंदन सर आले. अकोल्यातल्या त्या केंद्राचे ते प्रमुख. गालात तंबाखूचा खर्रा धरून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"आता साऱ्या कॉलेजांची परीक्षा एकाच सिस्टमवर हाये. इथून कोनाले काई करता येत नाई. टाइम खाऊ नको, सोडव."

तिने पुन्हा सोडवायला घेतलं. वेळ संपला तेव्हा बारा प्रश्न उरले होते. शेजारच्या हर्षाचा संगणक तर दोनदा बंद पडला होता. दोघी चांदूर बाजारकडच्याच, पण ओळख सकाळची, अमरावतीच्या स्टँडवरची. हर्षाच्या घरी भाजीचा मळा, तुबाचे अब्बा गाद्या भरणारे. अकोल्यापर्यंत दोघी एकमेकींना सूत्रं विचारत आल्या होत्या.

परीक्षा संपली, पण दार उघडलं नाही. एक कागद फिरू लागला. वर छापलं होतं : 'परीक्षेदरम्यान कोणतीही तांत्रिक अडचण आली नाही.' खाली इंग्रजीत सगळ्यांची नावं आणि नावापुढे सहीचा खाना.

कागद तुबाकडे आला तेव्हा वरचे सगळे खाने भरले होते. त्यातल्या निदान सात-आठ जणांना तिने हात वर करताना पाहिलं होतं. तिने आपल्या खान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'एकोणीस उत्तरे उडाली. सहा मिनिटे स्क्रीन बंद.' आणि कागद हर्षाकडे सरकवला. हर्षाने वाचलं. पेन हातात धरून ती नुसतीच बसून राहिली.

कुंदन सरांनी येऊन तिच्यासमोरचा कागद उचलला. वाचला. मग शांतपणे त्याचा बोळा केला, त्यातच तोंडातला खर्रा थुंकला आणि बोळा टोपलीत टाकला.

अठ्ठावीस जणांची नावं होती त्या कागदावर.

"दुसरा कागद हाये," सर म्हणाले. "हिच्यापायी साऱ्यायले पुन्हा सह्या करा लागतीन. एक बी खाना रिकामा राह्यला, तं दार उघडनार नाई."

"ए, कर न वं सई!" मागून एक मुलगी ओरडली. "आमची गाडी जाईन."

"तुह्ये उत्तरं नाई उडाले?" तुबाने मागे वळून विचारलं.

"उडाले न. मंग? सारं अकोला डोक्यावर घेऊ का?"

दोघं-तिघं हसली. सरांच्या टेबलापाशी रांग लागली. जो तो वाकायचा, सही करायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. जाताना तुबाकडे असं बघायचा, जणू उत्तरं तिनेच उडवली होती. हर्षाही गेली. तुबा दोन्ही हात मांडीखाली दाबून जागेवरच बसली.

"एक राह्यला," सर म्हणाले. त्यांनी घड्याळाकडेही पाहिलं नाही. त्यांना घाई नव्हती.

दाराशी कुजबुज वाढली. कुणीतरी शिवी दिली. तुबाने मान वर केली नाही. नुसता पेन टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कडी निघाल्याचा. तिने पाहिलं तेव्हा हर्षा टेबलापासून बाजूला होत होती. कुंदन सरांनी कागद फाइलमध्ये घातला. सही कुणी केली ते त्यांनी समोर उभं राहून पाहिलं होतं.

"शाबास," ते हर्षाला म्हणाले. "शहाणी पोट्टी हाये."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. तुबा खिडकीशी बसली. हर्षा येऊन शेजारी टेकली. गाडी मूर्तिजापूरच्या स्टँडवरून निघाल्यावर हर्षा हळूच म्हणाली, "राग आला काय वं? साऱ्यायले घरी जाचं होतं. माह्ये तं तेवीस गेले. मी काई बोलली?"

तुबाने तोंड खिडकीकडे वळवलं.

"नसती केली, तं बसवलं असतं त्यानं रातपावतर." मग खरोखरीच्या काळजीने हर्षाने विचारलं, "तुहं नाव बराबर लिवलं न मी? 'तु' ऱ्हस्वच हाये न?"

तुबा उठली. गाडीत अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. ती पुढे गेली, दाराजवळचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अमरावतीपर्यंत उभीच राहिली.