परतीचं कारण

पूर्णा गावातल्या ऑनलाइन विक्रीच्या गोदामात परत आलेले खोके उघडायचे आणि यादीतलं कारण संगणकात भरायचं, हे मृणालीचं काम. आज एका मिशनचा ‘तारण संच’ परत आला. पुस्तिका, तेलाची बाटली, छापील पत्र : ‘प्रिय मार्थाबाई, प्रभू येशू तुमच्या दाराशी उभा आहे.’

खाली पेनाने लिहिलं होतं, ‘दार उघडलं तर कुरियरवाला. चा ठेवते म्हनलं, तर बसला पन न्हाय.’

“केदार सर, ‘खोका नको, माणूस पाठवा’ असं कारण कुठं टाकायचं?” तिने सुपरवायझरला विचारलं.

“यादीत हाय का? नाय ना? मग हाय त्यातलं दाब.”

साइज चुकला. माल फुटका. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.

तिने तिसरं दाबलं.

पडद्यावर लगेच उमटलं : बदली संच रवाना. उद्या दुपारी तुमच्या दाराशी.