परवानगी कुणाची?

"सगळे खाली उतरा," नाक्यावरची अधिकारी बाई म्हणाली. दादाने मुद्दाम इंजिन चालूच ठेवलं.

"कारण?"

"चौकशी आहे."

"मोकळ्या माणसाची चौकशी करायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

मागच्या सीटवर धाकटीने डोळे मिटून घेतले. ती दादाची बहीण. पन्नाशी उलटली तरी दादासाठी, आणि म्हणून सगळ्या चळवळीसाठी, ती धाकटीच. शेजारी छापखानेवाला पत्रकांच्या गठ्ठ्यांत रुतून बसला होता. गाडीच्या दोन्ही अंगांवर त्याने स्वतः रंगवलं होतं : 'परवानगी कुणाची?'

तिघं सीमेपलीकडच्या मेळाव्याला निघाले होते. कर नकोत, परवाने नकोत, सीमा तर नकोतच, सरकारने माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं, असं मानणाऱ्यांचा तो मेळावा. दादा मुख्य वक्ता. धाकटीला मात्र मेळाव्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला दादाची लेक बघायची होती.

पोरीची आई लवकर गेली. वेणीफणीपासून दुखण्याखुपण्यापर्यंत सगळं धाकटीनेच केलं. मग पोरगी शिकायला म्हणून पलीकडे गेली ती गेलीच. तिकडे कुठल्याशा शाळेत शिकवते, एवढंच कानावर आलेलं. याआधीही हे तिघं तिला भेटायला निघाले होते, आणि दर वेळी याच नाक्यावरून तिघांनाही परत फिरावं लागलं होतं.

"माझ्या लेखणीला घाबरतात," दादा सभांमध्ये सांगायचा. "म्हणून बापलेकीच्या मध्ये भिंत घातली." ऐकणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. धाकटीचे तर हमखास.

आतल्या खोलीत दोन बाकडी, एक टेबल आणि फाटकाकडे उघडणारी खिडकी होती. बाईने पासपोर्ट मागितले. दादाने कोटाच्या आतल्या खिशातून तिन्ही काढून टेबलावर टाकले.

"सगळ्यांचे तुमच्याकडे?"

"ही वेंधळी आहे. विसरेल कुठेतरी."

"आणि मी तर स्वतःलाच विसरून येतो," छापखानेवाला म्हणाला आणि एकटाच हसला.

बाई पासपोर्ट घेऊन आत गेली ती लवकर येईना. दादा येरझाऱ्या घालू लागला. छापखानेवाल्याने पहारेकऱ्याला पत्रक देऊन पाहिलं. पहारेकऱ्याने घडी घालून ते डुगडुगणाऱ्या बाकड्याच्या पायाखाली सरकवलं. धाकटीला हसू आलं, पण दादाकडे बघून तिने ते गिळलं.

बाई परतली तशी दादाने तोंड सोडलं. "तुम्हाला सगळीकडे फाटकंच लागतात! माझ्या घरी येऊन बघा. एकाही खोलीला आतून कडी नाही. मीच काढून टाकल्या. माणसामाणसांत आडपडदा कशाला? माझी लेक अशा मोकळ्या घरात वाढली."

"तिला चालायचं ते?"

"त्यात विचारायचं काय?"

धाकटीला आठवलं, पोरगी झोपताना पेटी ओढून दाराला लावायची. दादा त्यावरून सगळ्यांदेखत तिची टर उडवायचा. धाकटीही हसायची. पोरींच्या डोक्यात काय काय येतं, म्हणायची.

बाई आता तिच्याकडे वळली. "तुम्ही कशाला निघालात?"

"मेळाव्याला," दादा म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माझ्या भाचीला बघायला," ती म्हणाली, आणि तिने हातच जोडले. "एकदाच बघू द्या हो. मीच वाढवलंय तिला. परत नाही काही मागणार."

बाईने बाहेर जाऊन फोन केला. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते, मग नुसतीच मान हलताना.

"तुम्ही जाऊ शकता," ती आत येऊन धाकटीला म्हणाली. "हेही जाऊ शकतात," छापखानेवाल्याकडे बोट करत. "ते नाही."

"ऐकलंत?" दादा ओरडला. "बापालाच तेवढं नाही! कुणाचा हुकूम आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"चल गं. कुणी जायचं नाही. आण तो पासपोर्ट इकडे."

पण बाईने पासपोर्ट धाकटीच्या हातात ठेवला होता, आणि धाकटीने तो पुढे केला नाही.

"दादा, मी जाते. तिला शोधून फाटकापर्यंत घेऊन येते. नुसती नजरेला तरी पडेल तुझ्या."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू खोलीत कुणी परकीच बाई उभी होती. मग तो बाकड्यावर बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तिला म्हणावं, बाप वाट बघतोय," तो पुटपुटला. छापखानेवाल्याने त्याचा हात हातात घेतला. "मी थांबतो यांच्यापाशी. जा तुम्ही."

धाकटी चालत निघाली. मागून हाक येईल म्हणून कान मागेच होते, पण हाक आली नाही.

फाटकापलीकडे बसथांबा होता. पत्र्याच्या आडोशाला एक बाई उभी होती. केस बारीक कापलेले, अंगाने वाळलेली. ती पुढे आली तशी धाकटीने तिला चालण्यावरून ओळखलं. ती येऊन गळ्यात पडली. किती तरी वेळ दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"चल," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "तो तिथेच बसलाय बघ, त्या खोलीत. हे मेलं सरकार सोडत नाहीये गं त्याला. तू नुसती फाटकाशी उभी राहा."

भाची सरकून धाकटीच्या आड उभी राहिली.

"त्या खिडकीतून मी दिसत नाही ना?"

"नाही. पण अगं, तुझा बाप..."

"त्यांना अडवा म्हणून कोर्टात दर वर्षी मीच जाते, आत्या," ती म्हणाली. "या वर्षी एवढंच सांगितलं, की फक्त त्यांनाच अडवा, तुला येऊ द्या."