वाघिणीचा सोमवार

डॉ. खांबेट्यांनी चंद्रा वाघिणीला कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरलं, तेव्हा संचालिका सुमतीबाई तिच्या पिंजऱ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बाजूला व्हा, बाई. काल मी तिचा जाणीवपट्टा घातला होता. पोटात नुसता पीळ पडत होता. इतक्या यातनांत तिला ठेवायचं?”

हे पट्टे निघाल्यापासून पिंजऱ्यातल्या प्राण्याला होई ते माणसाच्या अंगात उतरू लागलं. शहराला ते सोसलं नाही. जुन्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी एकेक करून जंगलात पोचले. लंगडी म्हणून ही वाघीण तेवढी मागे राहिली.

“काल सोमवार होता,” सुमतीबाई हळूच म्हणाल्या. “बाग सुरू झाली तेव्हापासून इथं वाघांना सोमवारी मांस देत नाहीत, पोटाला विसावा म्हणून. माझाही उपास असतो. काल माझा पट्टा घातला असतात, तर मलाही सुई टोचली असतीत?”

“आणि तिचा पाय?”

“पाय तर माझेही दुखतात. आता ती जेवलीय. पुन्हा घाला पट्टा. तोवर मी इथून हलणार नाही.”

डॉक्टरांनी नाइलाजानं पट्टा बांधला. त्यांचा उजवा पाय ठणकला खरा. पण मग अंगभर ऊन पसरलं, डोळे जड झाले, आणि जन्मभर शाकाहारी असलेले डॉक्टर पायरीवर बसून ओठ चाटू लागले.

चंद्रानं जांभई दिली. पाठोपाठ त्यांनीही दिली.

इंजेक्शन पेटीत परत गेलं.

“सोमवारी पुन्हा तपासून जाईन,” ते म्हणाले.

“या की. फक्त उपाशी या,” सुमतीबाई म्हणाल्या.