कोटो थांबला तेव्हा

"ही फळी वाजती व्हय?" नरसिंगनं विचारलं, आणि तेही असं खणखणीत, की मागच्या चार रांगांनी माना वर काढाव्यात.

मंचावर माणूसभर लांबीचं लाकडी वाद्य ठेवलं होतं. कोटो त्याचं नाव. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ताणलेल्या, आणि मागं निळ्या किमोनोतल्या जपानी पाहुण्या मिचिकोबाई गुडघे मुडपून बसलेल्या. भालकीच्या विहारात आजवर भीमगीतं झाली, कव्वाल्या झाल्या, ऑर्केस्ट्रे झाले. जपानी वाद्य पहिल्यांदाच आलं होतं, त्यामुळं हॉल गच्च भरला होता. साउंडवाल्या बंटीनं तर जयंतीचेच मोठाले बॉक्स आणून लावले होते. त्याला कोण काय सांगणार!

नागूबाईनं नवऱ्याला, नरसिंगला, हाताला धरून आणलं होतं आणि अशाच एका बॉक्सला खेटून बसवलं होतं. "हितून पोरगी चांगली दिसती," म्हणाली. पोरगी म्हणजे पंचशीला. मिचिकोबाईंच्या शेजारी माइक धरून उभी होती. बिदरला दवाखान्यात नर्स, आणि हैदराबादला क्लास लावून जपानी शिकलेली. जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी तिला लागली होती. येणार की नाही, ते उद्या सकाळी कळवायचं होतं.

आणि सगळं घोडं अडलं होतं नरसिंगपाशी.

"परक्यांच्या म्हाताऱ्यांना सांभाळायला समुद्रापल्याड जाती, आन् आमी काय म्हातारे होणार न्हाई का?" हे त्यानं घरात इतक्यांदा ऐकवलं होतं, की कुणाला जेवण गोड लागेना. लेक तरी बापाहून कमी होती का? "अप्पा होय म्हणल्याबिगर मी पाऊल उचलणार न्हाई," म्हणून बसली. दोघं हटून बसलेले, आणि मधे नागूबाईचा जीव टांगणीला लागलेला. बरं, हाच नरसिंग बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "माझी पोरगी जपानी बोलती, म्हाईत हाय का?" घरी आला की पुन्हा तोंड फुगलेलं. असल्या माणसाला काय म्हणावं!

मिचिकोबाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या. पंचशीलानं माइकवर सांगितलं, "अक्का म्हणायलेत, तुमच्याकडं पुरणपोळी खाऊन वाजवायला बसायचं म्हंजे लई अवघड काम हाय." हॉल खदखदून हसला. मग पंचशीला बाईंना जपानीत काहीतरी भरभर बोलली, आणि त्याही तोंडावर हात ठेवून हसल्या. नरसिंगनं इकडं-तिकडं पाहिलं. सगळे आपल्याच पोरीकडं बघतायत याची खात्री झाल्यावर त्यानं मिशीवरून हात फिरवला.

वाजवणं सुरू झालं. आधी एकेक तार, अगदी सावकाश. मग बाईंची बोटं पळायला लागली. दोन्ही हात तारांवर नुसते धावत होते आणि बंटीचे बॉक्स खिडक्यांच्या काचा थरथरवत होते. मागं बसलेल्या सरुबाईनं चक्क ताल धरला. नरसिंगची मानही डोलायला लागली होती.

नागूबाईनं त्याच्या कानाला तोंड लावलं. "काय म्हंता मग? जाऊ द्यायचं का तिला?"

ऑर्केस्ट्र्यात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. नरसिंगची जन्मभराची सवय तीच. त्यानं छातीत दम भरला आणि बायकोच्या कानात जीव खाऊन ओरडला.

त्याच क्षणी कोटो थांबला. संपला नव्हता. बाईंचा हात तारांच्या वर तसाच थबकला होता. त्या संगीतात मधेच अशी शांतता असते म्हणे. आणि त्या शांततेत अख्ख्या विहारानं ऐकलं,

"अगं जाऊ द्यायचंच हाय की! अशी पोरगी साऱ्या तालुक्यात हाय का कुणाची? खरं आजच होय म्हणलो तर माझी इज्जत काय राहील?"

आधी सरुबाई फिस्सकन हसली, आणि तिच्यामागं सगळा हॉल. नरसिंगला वाटलं, आता जमीन फाटावी आणि आपण बॉक्ससकट आत जावं.

मिचिकोबाईंनी पंचशीलाला काहीतरी विचारलं. काय बोलले ते, हेच असणार. पंचशीलानं माइक तोंडाशी नेला. डोळे पुसले, नाक ओढलं आणि कसंबसं जपानीत सांगितलं. तिच्या त्या बोलण्यात 'अप्पा' एवढा एकच शब्द लोकांना कळला.

मिचिकोबाईंनी हात मांडीवर घेतले. नरसिंगकडं वळून त्या पार कपाळ टेकेपर्यंत वाकल्या.

आता उठणं भागच होतं. नरसिंग उभा राहिला, हात जोडून "जय भीम" म्हणाला. मग लेकीकडं बघून बोलला, "जा बाई. सगळ्या गावानं ऐकलंय, आता माघार कुठली घ्यायची?"

टाळ्या थांबेनात. त्या थांबल्यावर बाईंनी जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू केलं. पंचशीला मंचावर उभी राहून रडतही होती आणि हसतही होती.

कार्यक्रम संपला. दारात सगळ्यांना चहा होता. जो तो येऊन नरसिंगच्या पाठीवर थाप मारायला लागला. त्याला आतून बरं वाटत होतं, पण एक गोष्ट काही डोक्यातून जाईना.

"झालं ते चांगलंच झालं," तो नागूबाईला म्हणाला. "खरं ते वाजायचं नेमकं तवाच कामून थांबलं गं?"

नागूबाईनं चहावर फुंकर घातली.

"तिथं थांबतंयच ते," ती म्हणाली. "सकाळी अक्का तालीम करायलती तवा मी हॉल झाडायलते. तीनदा ऐकून ठेवलंय."